पार्टी कवा देतं?

अमेरिकेत वसंतात टर्कीच्या शिकारीला निघणारा माणूस उजाडायच्या कितीतरी आधी उठतो, अंगभर झाडपाल्याच्या छापाचे कपडे चढवतो, अंधारातच एखाद्या झाडाला पाठ टेकून बसतो आणि लाकडी डबीवर फळी घासून टर्कीच्या मादीचा आवाज काढतो. त्या हाकेला भुलून नर येतो. पिसारा फुलवून, छाती काढून, सोयरीक जुळली अशा खात्रीने येतो आणि छर्रे खातो. आपल्याकडे लग्नाचं आमिष दाखवून कोणाला बोलावलं आणि लुटलं, तर पोलीस स्टेशनात गुन्हा दाखल होतो. तिकडे त्याला खेळ म्हणतात.

त्यात शौर्य किती, हा वाद ज्याचा त्याने घालावा. मला रस आहे तो शिकारीनंतरच्या अर्ध्या तासात. पक्षी पडला की तिथला प्रत्येक गडी आपापला एक खासगी विधी करतो. कोणी पक्ष्यावर हात ठेवून दोन मिनिटं गप्प बसतो. कोणी उडालेल्या काडतुसाच्या नळीवर तारीख आणि जागा लिहून ती घरच्या फळीवर मांडतो. कोणी एक पीस टोपीत खोचतो, कोणी अख्खा पिसारा लाकडी पाटावर ठोकून दिवाणखान्यात लावतो. टर्कीच्या नराला छातीवर केसांचा एक झुबका असतो, त्याला ते दाढी म्हणतात. कोणी ती दाढीच जपून ठेवतो. आणि हे सगळं मोजायचंही असतं. १९७३ साली त्यांनी राष्ट्रीय टर्की संघटना काढली आणि तिच्या नोंदवहीत गुण देण्याची रीत अशी: वजन पौंडात धरायचं, दाढीची लांबी इंचात मोजून दुप्पट करायची आणि पायांमागच्या काट्यांची लांबी दहापट. म्हणजे जड पक्ष्यापेक्षा लांब काट्याचा पक्षी मोठा. दहावीच्या पेपरात अक्षराला जास्त गुण देणारा मास्तर अमेरिकेतही आहे, हे कळून बरं वाटलं.

आता आमच्या वाशिम जिल्ह्याच्या रानात टर्की नाही, आणि असती तरी तिच्यावर बंदूक रोखायची सोय नाही. १९७२ साली, म्हणजे ऐन दुष्काळात, वन्यजीव संरक्षण कायदा आला. टर्कीवाल्यांनी संघटना काढायच्या एक वर्ष आधी आमच्या शिकाऱ्यांच्या बंदुका खुंटीकडे निघाल्या. शिवाय जिल्ह्याची हवाच शिकारीला प्रतिकूल. एका अंगाला शिरपूरला जैनांचे अंतरिक्ष पार्श्वनाथ, दुसऱ्या अंगाला कारंजाला नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान. मधल्या पट्ट्यात जो कोंबडी खातो तोही सोमवार, गुरुवार, एकादशी आणि घरातल्या बाईचा उपास टाळूनच खातो.

पण शिकार बंद झाली म्हणून शिकारीचा सोहळा बंद पडत नाही. सोहळ्याला शिकारीची फारशी गरजच नसते. हे आमच्या गावाला फार पूर्वी कळलेलं आहे.

वाशिम म्हणजे जुनं वत्सगुल्म. वाकाटकांची एक शाखा इथून राज्य करायची आणि तिचा मूळपुरुष सर्वसेन स्वतः प्राकृतात काव्य रचायचा. त्याचं ‘हरिविजय’ आता नावापुरतं उरलंय, पण गाथासप्तशती या जुन्या प्राकृत संग्रहातल्या काही गाथाही त्याच्या नावावर सांगितल्या जातात. त्याच सप्तशतीत एक व्याधाची बायको आहे. ती मोराचं एक पीस कानावर खोचून सवतींच्या घोळक्यातून तोऱ्यात हिंडते. सवतींच्या अंगावर गजमोत्यांचे दागिने, हिच्याकडे फक्त पीस, आणि तरी गर्व हिलाच. का, तर त्या सवतींच्या दिवसांत नवरा हत्ती मारून मोती आणायचा. ही घरात आल्यापासून तो रात्रभरात इतका दमतो, की सकाळी मोराच्या पुढे त्याची मजल जात नाही. गाथेत हे शेवटचं कारण दिलेलं नाही, ते रसिकांनी ओळखायचं. मीच फोडून सांगितलं. वत्सगुल्माचे रसिक मला माफ करणार नाहीत. संस्कृत काव्यशास्त्र लिहिणाऱ्या राजशेखराने तर काव्यपुरुषाचं लग्न याच गावात लावलंय.

मुद्दा असा, की शिकारीची निशाणी किती मोठी यावर तोरा ठरत नाही. हे त्या बाईला समजलं होतं, काटे मोजणाऱ्या अमेरिकनांना अजून समजायचंय. मोर आता राष्ट्रीय पक्षी आहे आणि त्याला हात लावला तर व्याधाला जामीन मिळायची मारामार. तरी तोरा मात्र जिल्ह्यातून गेलेला नाही.

उदाहरणार्थ, जागल.

आमच्याकडे सोयाबीन, तूर आणि हरभरा हे तिन्ही माणसाच्या आधी रोह्याला आणि रानडुकराला आवडतात. रोही हा घोड्याएवढा प्राणी, कळपाने येतो, उभं पीक खातो, त्याहून जास्त तुडवतो आणि हाकललं तर चार पावलं पळून थांबतो, वळून बघतो, पुन्हा खातो. डुक्कर निदान पळून तरी जातं. दोघांपैकी कोणालाही मारायचं तर अर्ज, ते नुकसान करून गेले तर पंचनामा, म्हणून शेतकऱ्याकडे उरलेला मार्ग एकच: रात्री शेतात मचाणावर जाऊन बसायचं. झटका मशीन झालं, फटाके झाले, पाइपातून कार्बाइडचे बार झाले. भोंग्यावर कुत्र्याचं रेकॉर्ड केलेलं भुंकणं लावून झालं. आठवडाभरात रोह्याला कुत्रं कुठे थांबतं ते पाठ होतं आणि गावातली खरी कुत्री मात्र रात्रभर त्याला उत्तर देत राहतात.

आणि साड्या. शेताच्या चारी बाजूंनी जुन्या साड्या बांधायच्या, वाऱ्याने हलल्या की जनावर बिचकतं. आमच्या ओळखीच्या एका शेतात वहिनी न्याहारी घेऊन आल्या आणि धुऱ्यावरच थांबल्या.

“ही काऊन लावली इथं?”

“जुनी होती ना.”

“माह्या बापानं देल्ली हाय दिवाईले. जुनी होती म्हन्ते!”

गाथेतल्या त्या व्याधाच्या काळात नवऱ्याच्या शिकारीचं पीस बायकोच्या कानावर यायचं. आता बायकोची साडी नवऱ्याच्या कुंपणावर जाते. त्या दिवशी रोही आलं नव्हतं, पण न्याहारीची भाकर परत गेली.

या जागलीवाल्याची गंमत अशी, की त्याची यशस्वी शिकार म्हणजे काहीच न होणं. रात्रभरात कोणी आलं नाही, हेच यश. ते साजरं कसं करायचं? ना पीस, ना दाढी, ना फोटो. बरं, मोठ्याने बोलायचीही सोय नाही. ‘काल एकही आलं नाही’ असं जो सकाळी टपरीवर म्हणाला, त्याच्या वावरात त्याच रात्री अख्खा कळप उतरतो, याबद्दल सगळ्या तालुक्यांत एकमत आहे. म्हणून ज्याची रात्र निभावली तो टपरीवर येतो, खुर्चीऐवजी बाकावर बसतो, चहा नेहमीपेक्षा सावकाश पितो आणि दुसऱ्याचेही पैसे देऊन टाकतो. कोणी काही विचारत नाही. पैसे दिले म्हणजे कळलं. ज्याचं नुकसान झालं तो मात्र तासभर बोलतो, जनावरांची संख्या वाढवत नेतो आणि चहा दुसऱ्याचा पितो.

खऱ्या शिकारीचं ज्ञान म्हणाल, तर ते फासेपारध्यांकडे. तितर, लावरी फाशात धरायची ही त्यांची पिढीजात विद्या, आणि तितराची हाक तोंडाने अशी काढायची की खुद्द तितराने उत्तर द्यावं. अमेरिकन गड्याला त्यासाठी डबी विकत घ्यावी लागते. अकोला-वाशिम भागात कौस्तुभ पांढरीपांडे यांची ‘संवेदना’ ही संस्था याच समाजाबरोबर गवताळ रानं राखायचं काम करते. तणमोर नावाचा अतिशय दुर्मिळ पक्षी पावसाळ्यात या गवतात येतो. नर मादीला दिसावं म्हणून गवताच्या वर उड्या मारतो, दिवसात शेकडो वेळा. गवत वाढतं, मादी दिसत नाही, हा मारतोच आहे उड्या. पूर्वी जी नजर त्याला धरण्यासाठी होती तीच आता त्याला राखण्यासाठी लागते. हे विनोदी लेखात बसत नाही, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आता आमची मोठी शिकार. तिचं नाव सोयाबीन, आणि तिचं रान म्हणजे बाजार समितीचं यार्ड.

सोयाबीन पिकवणं ही शिकार नव्हे. ती पाऊस, यलो मोझॅक आणि चक्रीभुंगा यांची मर्जी. शिकार म्हणजे भाव गाठणं. पहाटे ट्रॅक्टर लावायचा, ओट्यावर ढीग घालायचा आणि हर्रासाची वाट बघत ढिगाशेजारी उभं राहायचं. मग खरेदीदारांचा घोळका एका ढिगावरून दुसऱ्यावर सरकत येतो. पुढचा माणूस कोपरापर्यंत हात ढिगात घालतो, आतला मूठभर माल वर काढतो, फुंकर मारतो, एक दाणा दाढेखाली चावतो आणि चेहरा असा करतो की दाण्याने त्याच्या घराण्याचा अपमान केला. “ओलं हाय बावा.” शेतकरी म्हणतो, “दोन उन्हं देल्ली.” “काडी-कचरा लय.” “चाळणी मारली ना!” हा संवाद होत असताना भाव पुकारला जातो आणि दहा सेकंदांत घोळका पुढच्या ढिगावर. वर्षाची मेहनत त्या दहा सेकंदांत निकालात निघते. टर्कीवाला निदान पहाटेपासून बसून तरी असतो.

सरकारी केंद्रावर दाणा कोणी चावत नाही. तिथे मॉइश्चरचं यंत्र चावतं. बारा टक्के ओलाव्याची अट. २०२४ साली दिल्लीने एका हंगामापुरती ती पंधरावर नेली, तेव्हा हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि बाजारात त्याखालीच लिलाव चालले होते. तेव्हा आमच्याकडे लोक एकमेकांना तब्येत विचारायच्या आधी मॉइश्चर विचारायचे.

तर भाव फुटला, काटा झाला, हमाली-तोलाई वजा होऊन हिशेबाची पट्टी हातात पडली. इथून ज्याचा त्याचा विधी सुरू होतो. आणि गंमत म्हणजे ज्याला त्याला वाटतं, विधी दुसरे करतात, आपण फक्त आपलं काम करतो.

एक काका आहेत. ते ढीग पूर्ण कधीच विकत नाहीत. काटा व्हायच्या आधी त्यातली एक मूठ उचलून सदऱ्याच्या खिशात टाकतात. ‘रास रिकामी करून घरी जाऊ नये’ असं त्यांच्या आईने सांगितलं होतं. ती मूठ पुढच्या पेरणीच्या पिशवीत पडते, असं ते म्हणतात. काकू म्हणतात, ती धुण्याच्या बादलीत पडते आणि मग बादलीत भिजून फुगते. दुसरे एक गृहस्थ भाव चांगला मिळाला तर यार्डाबाहेरच्या हॉटेलात मिरची भजी खातात, भाव पडला तरीही भजीच खातात. फक्त चांगल्या दिवशी जिलबी घरी बांधून नेतात. त्यामुळे त्यांच्या घरच्यांना भाव फोनवर विचारावा लागत नाही. दारात गाडी थांबली की पोरगं हातातल्या पुडक्याकडे बघतं. तिसरा एकजण पट्टी मिळाल्यावर पाच मिनिटं कोणाशीच बोलत नाही. मला आधी वाटायचं, कृतज्ञता. तो मनातल्या मनात कृषी केंद्राची उधारी, सोसायटीचं कर्ज आणि पोरीची फी वजा करत असतो. बोलायला लागला की समजायचं, बाकी शून्याच्या वर आली.

पण खरी निशाणी घरात असते. जुन्या घरांत दाराजवळच्या खिळ्याला एक वाकवलेली तार लटकते. तिच्यात वर्षानुवर्षांच्या पट्ट्या टोचलेल्या. खाली पिवळ्या पडलेल्या, वर कडक पांढऱ्या. कोपरे उंदराने खाल्लेले, अडत्याच्या शाईत धुळीचे बोटांचे ठसे. अमेरिकन माणूस पाहुण्याला भिंतीवरचा पिसारा दाखवतो; आमचा शेतकरी पाहुण्याला चहा होईपर्यंत तार दाखवतो. बोट फिरवत तो एका पट्टीवर येऊन थांबतो.

“हे पाय. दोन हजार एकवीस.”

२०२१ चा ऑगस्ट. त्या महिन्यात विदर्भातल्या बाजारांत सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या वर गेलं होतं. हे खरं आहे. तेवढंच खरं हेही आहे, की तोवर बहुतेकांनी माल हिवाळ्यातच चार हजारांच्या आसपास विकून टाकला होता, आणि नवा माल आला तेव्हा दिवाळीपर्यंत भाव जवळपास निम्म्यावर आला होता. त्या चार-दोन आठवड्यांत ज्याच्या घरात पोती शिल्लक होती असे लोक थोडे. पण आज जिल्ह्यात कुठल्याही लग्नाच्या पंगतीत बसा, तुमच्या दोन्ही बाजूंच्या माणसांनी दहा हजाराने विकलेलं असतं. तेव्हा विकलं म्हणणाऱ्यांचा सगळा माल एकत्र केला, तर अरुणावतीच्या काठापासून पैनगंगेपर्यंत ओटे बांधावे लागतील. पट्टी दाखवा म्हटलं की उंदीर आडवा येतो. जिल्ह्यातल्या उंदरांनी नेमक्या २०२१ च्याच पट्ट्या खाल्ल्यात.

याच्याही वरचा सोहळा म्हणजे मुहूर्ताची खरेदी. हंगामातला पहिला नवा माल यार्डात येतो तेव्हा काट्याला हार, नारळ, हळदकुंकू. ज्याचा माल त्याला शाल, टोपी, फेटा, आणि भाव असा की ऐकणाऱ्याचा श्वास अडकावा. फोटो निघतो. फोटोत मधोमध शेतकरी, त्याच्या हातात नारळ, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना सोयाबीनशी संबंध नसलेली पंधरा माणसं. दुसऱ्या दिवशी पेपरात भाव छापून येतो; तो वाचून लोक ट्रॅक्टर लावतात आणि यार्डात पोचल्यावर त्यांना खरा भाव कळतो. मुहूर्ताचा भाव म्हणजे उखाणा: तो एकदाच, चारचौघांसमोर घ्यायचा असतो, त्यावर संसार चालत नाही.

कॅमेऱ्याच्या शिकाऱ्यांबद्दलही लिहायला हवं, नाहीतर ते रुसतील. कारंजा-सोहोळला २००० साली झालेलं काळवीट अभयारण्य आहे, अठराएक चौरस किलोमीटरचं, बहुतेक मोकळं माळरान. तिथे पानापानांच्या छापाचं जॅकेट घालून जाणारे लोक आहेत. त्या माळावर ते हिरवं जॅकेट तेवढंच हिरवं असतं आणि काळविटांना दोन किलोमीटरवरून दिसतं. वाशिमजवळच्या एकबुर्जी धरणावर हिवाळ्यात पाहुणे पक्षी उतरतात तेव्हाही ही मंडळी पहाटे हजर. नवा पक्षी मिळाला, म्हणजे फोटोत मिळाला, की त्यांचेही विधी ठरलेले. एक मास्तर पक्षी उडून गेल्यावरच टोपी काढतात. दुसरा एकजण सालिम अलींच्या पुस्तकात त्या पक्ष्याशेजारी पेन्सिलने तारीख लिहितो आणि बायकोच्या वाढदिवसाची तारीख दुसऱ्याला विचारतो. बाकीचे कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर डोकी जुळवतात आणि धूसर ठिपक्याकडे बघून म्हणतात, “डोळा शार्प आहे.”

या सगळ्यांत आणि त्या अमेरिकन गड्यात एक मूलभूत फरक आहे. तो यश एकट्याने साजरं करू शकतो. पक्ष्यावर हात ठेवून गप्प बसतो, झालं. आमच्याकडे यश तोवर यश नसतं जोवर कोणीतरी “पार्टी कवा देतं?” असं विचारत नाही. बोअरला पाणी लागलं, पार्टी. पोरगं पोलीस भरतीत निघालं, पार्टी. सोयाबीन विकलं, पार्टी. जुनी दुचाकी विकून तशीच जुनी घेतली, तरी पार्टी. विचारणाऱ्याला ती मिळणार नसते हे त्याला माहीत असतं आणि देणारा देणार नसतो हे त्यालाही. “देऊ ना,” एवढंच उत्तर. मात्र कोणीच विचारलं नाही तर माणूस खचतो. एकाने नवा ट्रॅक्टर घेतला आणि गावात कोणी पार्टी मागितली नाही, तर त्याने आठ दिवसांनी स्वतःच टपरीवर विषय काढला: “कोनी पार्टी नाई मांगली बावा अजून.” मग मागितली. मग तो म्हणाला, “देऊ ना.”

माझं स्पष्ट मत आहे, की हा आमचा विधी टर्कीच्या पिसाऱ्यापेक्षा वरचढ आहे. त्यात जनावर मरत नाही, भिंतीला खिळा लागत नाही आणि बहुतेक वेळा पैसाही लागत नाही.

फक्त एक विनंती. दिवाळीच्या आगेमागे वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, मानोरा किंवा कारंजाच्या रस्त्यावर रिकामा ट्रॅक्टर घेऊन परतणारा माणूस भेटला, तर पार्टी मागायच्या आधी भाव विचारा. २०२५-२६ साठी हमीभाव ५,३२८ होता. भाव त्या वर्षीच्या हमीभावाच्या वर गेला असेल तर खुशाल मागा, तर्रीही जास्त सांगा. खाली गेला असेल तर बिल तुम्ही द्या.